हिरोशी नोहारा श्रीमंत कधी झाला?

‘क्रेयॉन शिन-चॅन’ या जपानी मालिकेतील शिनचॅनचा बाप, हिरोशी नोहारा, मुळात थट्टेचा विषय म्हणूनच जन्माला आला. मोज्यांची असह्य दुर्गंधी, बायकोकडून मोजून मिळणारा हातखर्च, राजधानीपासून दूर उपनगरातले घर, त्या घरावर अजून ३२ वर्षांचे कर्ज आणि संध्याकाळी परतल्यावर बिअरचा एक कॅन. योशितो उसुई यांनी १९९० साली प्रौढांसाठीच्या एका साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली तेव्हा वाचकाने या माणसाला ओळखावे, हसावे आणि पान उलटावे, यापलीकडे त्याच्याकडून कसली अपेक्षा नव्हती. आज तोच हिरोशी जपानी तरुणांच्या चर्चेत ‘जिंकलेला माणूस’ ठरला आहे. पस्तिशीत स्वतःचे दुमजली घर, गाडी, बायको, दोन मुले, कुत्रा, आणि हे सगळे एका पगारावर! यावरून जुंपणारे भांडण आता ठरल्यासारखे झाले आहे. एक पक्ष म्हणतो की जुना काळ सोन्याचा होता आणि आमच्या वाट्याला राख आली. दुसरा म्हणतो की हिरोशी पहिल्यापासूनच बऱ्या पगाराचा अधिकारी होता, तेव्हा रडगाणे थांबवा. दोन्ही पक्ष त्याची मिळकत मोजण्यात गुंतलेले आहेत आणि त्यामुळे हा वाद नको त्या जागी लढवला जात आहे, असे माझे मत आहे. हिरोशी श्रीमंत झालेला नाही. तो एका व्यवस्थेने पाडलेला साचा होता. त्या साच्यात मावणारी माणसे कमी होत गेली, परंतु जपानी सरकारचे हिशेब अजून त्याच साच्यावर चालतात. वादाचा खरा मुद्दा हा आहे.

आपल्याकडे २००६पासून हंगामा वाहिनीवर हिंदीतून ही मालिका पाहत वाढलेल्यांना हा माणूस ‘हॅरी’ या नावाने माहीत आहे. २००८ साली केंद्र सरकारने मालिकेचे प्रक्षेपण बंद पाडले तेव्हा सारी चर्चा मुलाच्या उद्धटपणाची झाली. बापाकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणही नव्हते. ती मुले आता स्वतः घरभाडे भरू लागली आहेत, आणि लहानपणी बावळट वाटलेला हा बाप त्यांना एकाएकी कर्तबगार वाटू लागला आहे. भावना समजण्याजोगी आहे. पण जपानचा हिशेब जपानच्याच आकड्यांनी मांडला पाहिजे.

ते आकडे पहिल्या पक्षाच्या बाजूने भक्कम साक्ष देतात, हे आधी मान्य करायला हवे. जपानच्या राष्ट्रीय कर खात्याच्या पाहणीनुसार खासगी क्षेत्रातील सरासरी वार्षिक पगार १९९७मध्ये सुमारे ४६ लाख ७० हजार येन होता. २०२३मध्ये तो सुमारे ४६ लाख येन होता. पाव शतकात पगार जिथल्या तिथे राहिला, आणि याच अवधीत वस्तूंवरील उपभोग कर १९८९च्या ३ टक्क्यांवरून पायरीपायरीने २०१९मध्ये १० टक्क्यांवर गेला. १९९० साली पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेल्या पुरुषांचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. २०२०च्या जनगणनेत ते २८ टक्क्यांवर पोहोचले. कायम नोकरी नसलेल्या, म्हणजे कंत्राटी, अर्धवेळ किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीमार्फत काम करणाऱ्या नोकरदारांचा वाटा एक पंचमांशावरून एक तृतीयांशाच्या वर गेला. पस्तिशीत कायम नोकरी, लग्न, दोन मुले आणि मालकीचे घर या चारही गोष्टी एकाच माणसाकडे असणे आजच्या जपानमध्ये दुर्मीळ आहे, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. ज्यांना हे आकडे म्हणजे तरुणांचा आळस वाटतो त्यांनी १९९३ ते २००४ या काळात महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांकडे पाहावे. नोकरभरतीच गोठलेल्या त्या वर्षांत ज्यांना पहिली कायम नोकरी हुकली, त्यांपैकी कित्येकांना ती पुढे कधीच मिळाली नाही, कारण जपानी कंपन्या शिक्षण संपताच भरती करतात आणि ती खिडकी एकदा बंद झाली की सहसा पुन्हा उघडत नाही.

एवढे मान्य करूनही हिरोशीला ‘जिंकलेला’ म्हणणे चूकच आहे, आणि ती चूक त्याच्या घराचा हिशेब मांडला की उघडी पडते. त्याचे वय ३५, कर्ज फिटायला ३२ वर्षे बाकी. म्हणजे शेवटचा हप्ता वयाच्या ६७व्या वर्षी. चित्रकथा सुरू झाली तेव्हा जपानी कंपन्यांतील निवृत्तीचे वय साधारणपणे ६० होते. मग मधली सात वर्षे हप्ते कोण भरणार होते? उत्तर त्या काळच्या प्रत्येक नोकरदाराला ठाऊक होते: दर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मिळणारा बोनस, वयाबरोबर चढत जाणारा पगार आणि निवृत्तीच्या दिवशी हाती पडणारी एकरकमी पुंजी. हिरोशीने घर घेतले तेव्हा बँकेकडे खरे तारण पडले होते ते त्याच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचे. शिवाय ते घर त्याने घेतले ते जमिनीच्या किमती आभाळाला भिडत असताना. १९९१नंतर त्या कोसळल्या आणि टोकियोच्या उपनगरांत अशी असंख्य घरे उभी राहिली ज्यांची किंमत त्यांच्यावरील कर्जाहून कमी होती. त्यातून जपानमध्ये लाकडी घराचे आयुष्य करखात्याच्या लेखी अवघे २२ वर्षांचे. पस्तीस वर्षांच्या कर्जात घर कागदोपत्री संपते आणि हप्ता मात्र पुढे तेरा वर्षे चालू राहतो, या व्यवहाराला संपत्ती म्हणणारा माणूस एक तर बांधकाम व्यावसायिक असावा किंवा त्याने कधी कर्ज काढलेले नसावे.

येथे विरुद्ध बाजूने एक रास्त प्रश्न येतो: तसे असेल तर आजचा तरुण अधिक भाग्यवान नाही का? हिरोशीच्या वेळी सरकारी गृहकर्जाचा दरही पाच टक्क्यांहून अधिक होता. अलीकडच्या काळात बदलत्या व्याजाचे कर्ज एक टक्क्याहूनही स्वस्त मिळाले. घरांचा तर तुटवडाच नाही, कारण २०२३च्या पाहणीत देशभर ९० लाख घरे रिकामी आढळली, एकूण घरांच्या जवळजवळ १४ टक्के. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा बळावतो. घर स्वस्त झाले, व्याज स्वस्त झाले, तरी हिरोशीसारखी माणसे घटली. दुर्मीळ झाली ती पुढील पस्तीस वर्षांची खात्री. ज्याच्या कराराची मुदत सहा महिन्यांची आहे त्याला एक टक्का व्याजाचा काय उपयोग? १९८५च्या कायद्याने मोजक्याच कामांसाठी परवानगी असलेली कामगार-पुरवठ्याची पद्धत १९९९मध्ये बहुतेक क्षेत्रांना खुली झाली आणि २००४मध्ये कारखान्यांतही शिरली. हा बदल संसदेत मतदान करून आणलेला होता. तो हवामानासारखा आकाशातून पडला असे समजून जुन्या काळासाठी हळहळत बसणे म्हणजे ज्यांनी तो आणला त्यांना मोकळे सोडणे होय.

हिरोशीचे वय कधीच वाढत नाही, या साध्या गोष्टीचाही वादात सोयीस्कर विसर पडतो. दूरचित्रवाणीवर मालिका १९९२च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. तेव्हाचा ३५ वर्षांचा हिरोशी १९५७च्या सुमारास जन्मलेला, म्हणजे भरभराटीच्या वर्षांत नोकरीला लागलेला. २००७मधला ३५ वर्षांचा हिरोशी १९७२चा; त्याच्या पदवीच्या सुमारासच भरती गोठू लागली होती. आजचा हिरोशी १९९०च्या आसपास जन्मलेला, म्हणजे चित्रकथेच्याच वयाचा. दर वर्षी पडद्यावर खरे तर वेगळ्याच पिढीचा माणूस उभा असतो; कपडे, मोजे आणि कर्ज तेवढे तेच. स्थिर चित्राला सरकत्या आकड्यांशेजारी ठेवले की ते चित्र वर चढताना दिसणारच. गाडी सुटली म्हणजे फलाट मागे जात नाही, हे प्रवाशाला कळते. येथे मात्र शहाणीसुरती माणसेही फलाटच हलला असे मानतात.

असे यापूर्वीही घडले आहे. माचिको हासेगावा यांची ‘साझाए-सान’ ही चित्रकथा १९४६ ते १९७४ या काळात वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरील मालिका १९६९पासून आजतागायत रविवारी संध्याकाळी सुरू आहे. तिच्यातील आजोबा नामिहेई हे ५४ वर्षांचे नोकरदार. निवृत्तीचे वय तेव्हा ५५ होते, म्हणून टकलावर एकच केस उरलेला हा म्हातारा प्रेक्षकाला अगदी चारचौघांसारखा वाटत असे. आज जपानी प्रेक्षक दोन गोष्टींनी चकित होतो: एक म्हणजे हा माणूस केवळ ५४ वर्षांचा आहे, आणि दुसरी म्हणजे टोकियोच्या सेतागाया भागात त्याचे अंगणासह बैठे घर आहे. त्या जमिनीची आजची किंमत काढून नामिहेई कोट्यधीश असल्याचे सिद्ध करण्याचा खेळ हिरोशीवरील वादाच्या आधीपासून चालत आला आहे. पण नामिहेईंच्या पिढीने बेचिराख झालेल्या टोकियोत संसार उभा केला होता, हे त्या खेळात कोठे धरले जाते? एका पिढीचा सामान्य बाप दुसऱ्या पिढीला सरदार दिसतो, कारण मागे वळून पाहताना त्याच्याकडे काय होते हे दिसते आणि त्याला कशाची भीती होती हे दिसत नाही.

आता दुसरा पक्ष. हिरोशी पहिल्यापासून सरासरीच्या वर होता, हे त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. फुताबा शोजी या व्यापारी कंपनीत तो विभागातील कनिष्ठ अधिकारी आहे, त्याच्या हाताखाली कावागुचीसारखे कनिष्ठ सहकारी आहेत, आणि १९९०मध्येही प्रत्येक पस्तिशीच्या पुरुषाकडे स्वतःचे घर नव्हते. परंतु सामान्य माणूस कोणाला म्हणायचे हे केवळ सरासरीवरून ठरत नाही. जपान सरकार दीर्घकाळ एक जनमत चाचणी घेत आले आहे, तीत लोकांना आपली राहणी कोणत्या स्तराची वाटते असे विचारतात. १९७०च्या दशकापासून दहापैकी साधारण नऊ जण ‘मध्यम’ असेच उत्तर देत आले आहेत. पगार थांबले, लग्ने थांबली, तरी या उत्तरात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘मध्यम’ हे उत्पन्नाइतकेच अपेक्षेचे वर्णन आहे. हिरोशी सामान्य होता तो या अर्थाने की त्याच्यासारखे होणे ही त्या काळच्या तरुणाला महत्त्वाकांक्षा वाटत नसे, फार तर नशिबी आलेला कंटाळा वाटे. ज्या जीवनाकडे लोक ‘शेवटी आपलेही असेच होणार’ म्हणून उसासा टाकून पाहत, त्याच जीवनाकडे आज लोक खिडकीतून पाहिल्यासारखे पाहतात. हा बदल ‘रडगाणे’ म्हणून उडवून लावण्याजोगा आहे काय?

हिरोशी स्वतः आकिताचा, म्हणजे ईशान्येकडील बर्फाळ प्रदेशातील शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ असल्यावर घर आणि शेत धाकट्याकडे येत नाही. असे लाखो धाकटे मुलगे युद्धोत्तर दशकांत टोकियोकडे आले आणि सायतामासारख्या शेजारच्या प्रांतांत स्थिरावले. हिरोशी राहतो ते कासुकाबे हे त्यांतलेच गाव. १९६६ साली तेथे उभ्या राहिलेल्या ताकेसातो वसाहतीत सहा हजारांहून अधिक बिऱ्हाडे होती. सकाळच्या गाडीत तासभर चेंगरून राजधानीत जायचे आणि रात्री मुले झोपल्यावर परतायचे, हा त्या गावाचा दिनक्रम. हिरोशीचे घर ही त्याची हौस नव्हती. मागे परतायला जागा नसलेल्या माणसाने घेतलेला तो आधार होता.

गतकाळाच्या मोहाबद्दल बोलायचे तर त्यावरील सर्वांत कठोर टीका याच मालिकेने केली आहे आणि तीही याच पात्राच्या तोंडून, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. केइइची हारा यांनी दिग्दर्शित केलेल्या २००१च्या शिनचॅन चित्रपटात एक संघटना विसाव्या शतकाचा ‘वास’ सोडून मोठ्या माणसांना भुलवते; सारे आईबाप लहान मुले होऊन आपल्या बालपणात रमतात आणि खऱ्या मुलांना विसरतात. हिरोशी १९७०च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात पोहोचतो, जे खरोखर ६ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांनी पाहिले होते. चंद्रावरून आणलेला दगड पाहायचा म्हणून तेथे तो आईवडिलांपाशी हट्ट धरून रडत आहे. शिनचॅन त्याला शुद्धीवर आणतो तो त्याचाच बूट नाकाला लावून. त्या दुर्गंधीबरोबर त्याचे सारे आयुष्य त्याच्यासमोरून जाते: वडिलांच्या सायकलमागे बसलेला मुलगा, प्रेमभंग, टोकियोतली पहिली नोकरी, साहेबाची बोलणी, बायको मिसाए, मुलाचा जन्म, नवे घर, उन्हात घाम पुसत केलेली पायपीट, अपरात्रीचे जेवण. एकही शब्द न उच्चारता गेलेली ती दोन-तीन मिनिटे जपानी चित्रपटातील उत्तम क्षणांपैकी आहेत, असे मी निःसंकोच म्हणेन. पुढे खलनायक त्याला निरस आयुष्याचा टोमणा मारतो तेव्हा हिरोशी उत्तर देतो की माझे आयुष्य निरस नाही, कुटुंब असण्याचे हे सुख तुम्हालाही वाटून द्यावेसे वाटते. येथे तो घराचा किंवा पगाराचा उल्लेखही करत नाही. ज्या माणसाने भूतकाळाच्या सापळ्यातून स्वतःची सुटका करून घेतली, त्यालाच सोनेरी भूतकाळाचा पुरावा म्हणून उभे करणे हा त्याच्यावरील मोठाच अन्याय आहे.

तरीही त्या संवादाला मी एक आक्षेप घेईन, आणि तो दोन्ही पक्षांनी टाळलेला आहे. ‘एका पगारावर’ हे शब्द हिरोशीच्या गौरवात इतक्या सहज येतात की तो पगार शक्य कोणामुळे झाला हे विचारायचे राहून जाते. मिसाए २९ वर्षांची आहे, क्यूशूतील कुमामोतोची, म्हणजे तिचे माहेर हजारभर किलोमीटर दूर. सकाळी बालवाडीची बस चुकवणारा मुलगा, त्याला सायकलवर घालून केलेली धावपळ, मागे बांधलेली तान्ही मुलगी हिमावारी, दुकानातल्या सवलतीसाठीची घाई, दुपारची तासभराची डुलकी आणि त्या डुलकीवरूनही घरादाराने केलेली चेष्टा: मालिकेतील कामाचे बहुतेक तास तिचे आहेत. हिरोशीची कंपनी त्याला रात्री दहापर्यंत थांबवून घेऊ शकते, कारण घरी मिसाए आहे. १९८०मध्ये जपानमध्ये नवरा नोकरदार आणि बायको पूर्णवेळ गृहिणी अशी सुमारे १ कोटी ११ लाख कुटुंबे होती आणि दोघेही कमावतात अशी सुमारे ६१ लाख. १९९०च्या दशकात, म्हणजे मालिका ऐन भरात असताना, हे पारडे उलटले. आज दोघे कमावणारी कुटुंबे सव्वा कोटीच्या पुढे आहेत आणि गृहिणी असलेली साधारण पन्नास लाख. या बदलात निव्वळ हानीच पाहणाऱ्याने एकदा मिसाएला विचारावे की तिला नोकरी करायची होती का. मालिका हा प्रश्न विचारत नाही. जुन्या काळासाठी हळहळणारेही तो विचारत नाहीत, कारण त्यांना हिरोशी व्हायचे असते. मिसाए व्हायचे आहे असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

आणि याच जागी हा वाद करमणुकीचा न राहता सार्वजनिक प्रश्न होतो. १९६१मध्ये जपानने पत्नीचे उत्पन्न अत्यल्प असल्यास पतीला आयकरात सवलत दिली. १९८६पासून नोकरदाराच्या अवलंबित जोडीदाराला स्वतः हप्ता न भरता मूळ निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. या तरतुदी ज्यांच्यासाठी घडल्या ते कुटुंब कोणते, हे वेगळे सांगायला नको. परिणाम असा की अर्धवेळ काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया वर्षअखेर जवळ आली की स्वतःहून कामाचे तास कमी करतात, कारण ठरावीक मर्यादेपलीकडे एक येन जास्त मिळवला तर कुटुंबाची सवलत जाते. ‘उत्पन्नाची भिंत’ म्हणून ती मर्यादा जपानी निवडणुकांत गाजत असते, आणि आकडा थोडा वर सरकवण्यावरच चर्चा थांबते. ज्या देशात कामाला माणसे मिळत नाहीत, तेथे काम करण्यास तयार असलेल्या स्त्रीला डिसेंबरमध्ये घरी बसवणारा कायदा टिकून राहतो, याला दुसरे काय कारण असणार?

निवृत्तिवेतनाचा हिशेब तर याहून बोलका आहे. जपान सरकार दर वर्षी ‘नमुना कुटुंबा’ला मिळणारी रक्कम जाहीर करते. या नमुन्यातील पतीने सरासरी पगारावर सलग ४० वर्षे कायम नोकरी केलेली असते आणि पत्नी त्या संपूर्ण काळात गृहिणी असते. २०२४च्या आर्थिक वर्षासाठी या जोडप्याची रक्कम दरमहा सुमारे २ लाख ३० हजार येन होती. २००४च्या सुधारणेने जनतेला आश्वासन दिले की निवृत्तिवेतन कामकरी पिढीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५० टक्क्यांखाली जाऊ दिले जाणार नाही, आणि तेही मोजले जाते याच जोडप्याच्या आधारे. २०२४च्या फेरतपासणीत ते प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास निघाले, तेव्हा व्यवस्था सुरक्षित असल्याचे सांगितले गेले. भरती गोठलेल्या वर्षांत बाहेर पडलेला, कंत्राटांवर जगलेला, एकटा राहिलेला पन्नाशीचा माणूस या टक्केवारीत कोठे बसतो? मंत्रालयाने अलीकडे इतर प्रकारच्या आयुष्यक्रमांचे अंदाजही सोबत द्यायला सुरुवात केली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण कायद्यातले ५० टक्क्यांचे वचन अजून हिरोशी आणि मिसाए यांनाच दिलेले आहे.